चुकलेल्या उत्तराचे गुण

वीस वर्षं शाळेत गणित शिकवणाऱ्या आईला लेकीचं काही कळेना. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षातली ही मुलगी सुट्टीतली पगाराची नोकरी सोडून कॉलेजातल्या सरांच्या संशोधनात शिरली होती. सर तिला पुढे ठेवणार की नाही, ते आज ठरणार होतं.

"संशोधनासाठी लिहिलेला माझा प्रोग्रॅम सपशेल आपटला," लेक जेवताना म्हणाली.

आईचा घास हातातच राहिला. "मग काढलं तुला?"

"नाही गं. का आपटला ते मी रोज वहीत लिहीत होते, सर त्यावरच खूश झाले. पुढचं सत्रही मीच."

"म्हणजे उत्तर चुकलं आणि तू पास?"

"तसंच काहीसं."

जेवणानंतर आई पेपर तपासायला बसली. एका मुलाने पानभर नेटकी आकडेमोड करून उत्तर चुकवलं होतं. आधी दिलेला भोपळा तिने खोडला, पण किती गुण द्यावेत ते तिला सुचेना.