कुंदामावशीची मूठ

आमची कुंदामावशी गेम खेळते हे कळल्यावर तिच्या गावात लोकांनी जेवढी नाकं मुरडली, तेवढी तिचा नवरा दारू पिऊन चौकात पडायचा तेव्हाही मुरडली नव्हती. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा हळहळणारे आता म्हणतात, म्हातारीला खूळ लागलंय.

गाव धुळ्याजवळचं. मावशी पंचावन्नच्या पुढची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, कपाशी वेचून बोटं खरबरीत झालेली. दुपारी भांडी घासून झाली की ती हितेंद्रच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, जुन्या कम्प्युटरपुढे बसते आणि गाव बांधते. पारावर दिवसभर पत्ते कुटणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही. बाई तासभर बसली की मात्र घराणं बुडतं.

त्या गेममध्ये सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे. माती खणा, झाडं तोडा, दगड फोडा आणि हवं ते बांधा. हितेंद्रने कॉलेजात असताना मित्रांसाठी त्यात स्वतःचा सर्व्हर केला होता. पुढे सगळे नोकऱ्यांना लागले, तो पुण्याला गेला आणि तिकडे कोणी फिरकेनासं झालं. एकदा धूळ झटकताना मावशीच्या हातून ते सुरू झालं. तिने लगेच फोन लावला, "हितू, एवढी जमीन पडीक का बरं ठेवी तुन्ही?" तो पोट धरून हसला, पण सुट्टीत आला तेव्हा त्याने तिला सगळं शिकवलं.

मग तिने आम्हा दोघींना ओढलं. एक मी नूतन, तिच्या बहिणीची मुलगी, भुसावळला असते. दुसरी चारुलता, तिची नणंद, पहूरला दिलेली. आम्ही मोबाइलवरून जातो. पासवर्ड मावशीने बदलला, तो तिघींनाच ठाऊक, त्यामुळे चौथं माणूस आत येऊच शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मावशीच्या दाराला आतून कडी आहे.

गाव बांधताना तिने हट्टाने सगळी घरं धाब्याची केली, सपाट छपराची. त्या गेममध्ये अंधार पडला की सपाट छपरावर भुतं उतरतात. ती आमच्या अंगणात उड्या मारायची, चारुलता किंचाळायची. हितेंद्र म्हणाला, "आई, उतरतं छप्पर कर, त्रास संपेल." मावशी म्हणाली, "भूतले भिईसन कोनी आपलं धाबं मोडस का?" आणि तिने एकेका धाब्यावर दिव्यांची रांग लावली. त्यानंतर एक भूत फिरकलं नाही. उन्हाळ्यात पापड कुठे वाळत घालणार होतो, हेही तिने त्याला विचारलंच.

श्रावण जवळ आला तशी मावशीने गेममधल्या गावात कानबाईसाठी, आमच्या खानदेशच्या देवीसाठी, घर बांधलं. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करायचे तर आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. बाईच्या नावाने घेत नाहीत. आम्ही गेममध्येही पेटीत गहू टाकायला लागलो. चारुलता नावं घेत होती: तिचे थोरले भाऊ आबा, हितेंद्र, स्वतःचा नवरा, आपले दोन मुलगे. मी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. बरीच नावं झाल्यावर मावशी एकदम थांबली.

"या गावमा यास्नामातला कोन ऱ्हास?"

कोणीच राहत नव्हतं. एकाही पुरुषाने तिथे एक वीट ठेवली नव्हती, आणि आम्ही त्यांच्या नावाने मुठी मोजत होतो. हसू आलं आणि लगेच रागही आला, स्वतःचाच. मावशीने पेटी रिकामी केली. मग तिघींनी आपापल्या नावाने मूठमूठ गहू टाकले.

ही गोष्ट चारुलताने माहेरी हसत हसत सांगितली आणि तिच्या थोरल्या भावाच्या कानावर गेली. पितांबर आबा म्हणजे मावशीचे जेठ, थोरले दीर. सगळ्या भावकीची कानबाई त्यांच्याच घरी बसते. आबा मावशीच्या ओट्याशी आले, खाली बसलेसुद्धा नाहीत.

"हितेंद्रनी माय, तो कम्प्युटर बंद कर. नही ते यंदा कानबाईले मना घरमा पाय ठेवू नको."

संध्याकाळी हितेंद्रचा फोन आला. आबांनी त्यालाही झापलं होतं. "आई, थोडे दिवस बंद ठेव ना. लोक हसतात." मावशीने त्याला एवढंच विचारलं की, हसणाऱ्यांपैकी कोणी तिच्या शेतात कधी निंदायला आलं होतं का.

मला काळजी वाटत होती. विधवा बाईला वर्षभर कोणत्या कार्यात कोण पुढे बोलावतं? कानबाईच्या दिवशी निदान सगळ्यांबरोबर ताट वाढलं जातं, कोपऱ्यात का होईना. तेही गेलं तर भावकीत तिचं काय उरणार? आणि गेम बंद केला तर तिचं गावच जाणार. मी मुद्दाम भुसावळहून गेले. चारुलता आधीच माहेरी आलेली होती.

रोटांचे गहू दळायला काढायच्या दिवशी मावशी स्वच्छ लुगडं नेसून सरळ आबांच्या घरात शिरली. सणाच्या दिवशी दारातून बाईला हाकलणं आबांनाही जमलं नाही. परातीत गहू पडत होते, आबा नावं घेत होते. हितेंद्रच्या नावाची मूठ पडली, शेवटचं नाव झालं. मावशी पुढे वाकली, पोत्यात हात घातला आणि परातीवर मूठ सोडली.

"हाई कुंदानी."

आबा म्हणाले, "बाया मूठ टाकतस नही."

"निवडतस बाया, थापतस बाया, भाजतस बाया," मावशी म्हणाली. "मंग मूठलेच काय व्हयनं?"

तेवढ्यात चारुलता उठली. लग्न होऊन गेलेली मुलगी, तिचं या परातीत काय काम? तिनेही मूठ टाकली. "आनी हाई मनी." मी त्या घरची कोणीच नाही, म्हणून हात आवरून उभी राहिले. ते आवरणं फार जड गेलं.

मावशीने परात आबांपुढे सरकवली. "आबा, निवडी ल्या. मना दाना कोनता शे, काढी टाका."

गव्हात गहू मिसळले होते. कानबाईचं धान्य फेकता येत नाही, हे आबांपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार! ते बाहेर ओट्यावर गेले आणि दळण चक्कीवर रवाना झालं. रविवारी, कानबाईच्या दिवशी, मावशी पंगतीत मधोमध बसून आपला रोट जेवली. तिला कोपऱ्यात सरक म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

निघताना आबांची सून अंगणातल्या नळाशी ताटं घासत होती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, तुमना गावमा एखादं घर बांधाले जागा शे का?"

"जागा बक्कळ शे," मावशी मोठ्यानेच म्हणाली, ओट्यावर ऐकू जाईल अशी. "पन धाबंच बांधनं पडी."