बल सरांचा गोळा

बल सर डोळे मिटत नसत. आमच्या शाळेच्या मागं एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्या शेजारी लाकूडफाटा ठेवायच्या खोलीची भिंत. कडुनिंबाच्या आडव्या फांदीला जाड दोर बांधून सर लोखंडी गोळा टांगत. मग भिंतीला पाठ लावून उभे राहत, गोळा ओढून थेट स्वतःच्या हनुवटीपर्यंत आणत आणि सोडून देत. गोळा झोका घेऊन लांब जाई आणि तेवढ्याच जोरानं त्यांच्या तोंडावर परत येई. आम्ही पोरी किंचाळायचो, पोरं कान झाकायची. सर मात्र पापणीही न लववता उभे. हनुवटीच्या बोटभर अलीकडं येऊन गोळा क्षणभर थांबे आणि मागं फिरे. "भ्यायचं कशाला?" सर म्हणत. "जेवढी ऊर्जा दिली तेवढीच परत येणार. कणभर जास्त न्हाई. पण फक्त सोडायचं. ढकलायचं न्हाई."

तो गोळा त्यांच्या मेहुण्यानं जालन्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याशा रोलिंग मिलच्या भंगारातून आणून दिला होता आणि त्याला कडी वेल्डिंग करून दिली होती. आम्ही तो उचलायला गेलो की एका बाजूला कलायचो. सर मात्र सायकलच्या कॅरियरला बांधून तो घेऊन आले होते, कारण शाळेत प्रयोगाचं साहित्य म्हणून एक फुटका तराजू आणि एक चुंबक एवढंच होतं. सर राहायला जालन्याला. रोज सकाळच्या पॅसेंजरनं बदनापूरला उतरायचे आणि तिथून सायकलनं आमच्या गावी.

त्यांचं खरं आडनाव हजेरीपुरतंच होतं. कुठंही काही हललं, थांबलं, पडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "यात बल कुठंय?" म्हणून ते बल सर. एकदा फाट्यावर एसटी बंद पडली. ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवून धक्का मारायला लावला. सर तिथून सायकलवर चालले होते, तेही सायकल टाकून धक्का मारायला लागले. वर्गात आले तेव्हा सदऱ्याला ग्रीस लागलेलं आणि चेहरा खुललेला. "सांगा, गाडी आधी जड का गेली? अन् एकदा चालू लागली की मंग हलकी का झाली?" त्या दिवशी जडत्व आणि घर्षण आम्हाला पुस्तक न उघडता कळलं.

आमच्या सातवीच्या वर्गात त्यांचा लाडका विद्यार्थी म्हणजे दत्ता. दत्ता अभ्यासात बेताचा, पण अंगानं काटक आणि पळण्यात कुणाला हार न जाणारा. त्याचा चुलता मिलिट्रीत होता, त्यालाही मिलिट्रीतच जायचं होतं. चाल शिकवायची वेळ आली की सर दत्ताला मैदानावर पळवत, स्वतः मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे राहत आणि अंतर भागिले वेळ असं फळ्यावर मांडून दाखवत. त्यामुळं विज्ञानाच्या तासाला दत्ताची कॉलर नेहमी ताठ. एकदा सरांनी त्याला भिंत ढकलायला लावली. त्यानं घाम निघेपर्यंत ढकलली. "भिंत हलली का?" सरांनी विचारलं. "न्हाई." "मंग काम शून्य." दत्तानं ते घरी जाऊन बापाला ऐकवलं. डोक्यावर ओझं घेऊन नुसतं उभं राहिलं तर काम शून्य होतं, तेव्हा मला कशाला राबवता, असं. दत्ताचे वडील, रावसाहेबकाका, गावातले मोठे शेतकरी. ते पोट धरून हसले आणि पुढच्या हंगामात शेतावर हुरड्याला या, असं सरांना सांगून आले.

त्या दिवशी सरांनी आम्हाला मधल्या सुट्टीच्या आधी गोळा दाखवला होता. सुट्टीनंतर सहावीच्या पोरांना दाखवायचा होता. दोराची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची म्हणजे शिडी लागायची, म्हणून त्यांनी गोळा तसाच लटकता ठेवला. "कुणी हात लावायचा न्हाई, बरं का," एवढं सांगून ते हेडमास्तरांच्या खोलीत डबा खायला गेले. मी हापशावर पाणी पीत होते. मागून पोरांचा गलका ऐकू आला, मग धप्प असा आवाज, आणि मग काहीच नाही. त्या शांततेनंच मी पळत गेले. दत्ता भिंतीशी बसला होता. तोंडावर दोन्ही हात, आणि बोटांमधून रक्त मनगटावर येत होतं. तो भिंतीला पाठ लावून सरांसारखाच उभा राहिला होता. फक्त गोळा सोडताना, जास्त लांब जावा म्हणून, त्यानं दोन्ही हातांनी ढकलला होता.

कुणाची तरी जीप मिळाली. सर मागं बसले, दत्ताचं डोकं मांडीवर घेऊन. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, डावा डोळा गेला.

चौथ्या-पाचव्या दिवशी रावसाहेबकाका शाळेत आले. त्यांच्यामागं आठ-दहा माणसं. हेडमास्तर पुढं होऊन सांगायला लागले की पोरांना बजावलं होतं, पोरानं ऐकलं नाही. सर व्हरांड्यात उभे होते. ते मधेच म्हणाले, "लेकरू हाय ते. लेकरानं हात लावायचा न्हाई तर कुणी लावायचा? दोर मी काढायला पायजे होता. चूक माझी हाय." हेडमास्तर त्यांच्याकडं बघतच राहिले. काकांना भांडायचं होतं, पण समोरचा माणूस भांडतच नव्हता. ते नुसतं म्हणाले, "मास्तर, माझं पोरगं मिलिट्रीत जाणार होतं हो," आणि मागं फिरले. चौकशी झाली तेव्हाही सरांनी तेच सांगितलं. हेडमास्तरांनी बदली करून घ्या म्हणून सुचवलं. सर म्हणाले, "दत्ताचं वर्ष बुडून राह्यलं. आत्ता कसा जाऊ?"

गावानं सरांशी बोलणं टाकलं. हॉटेलात चहाला बसले तर शेजारचा माणूस उठून जायचा. आणि सरांनीही बोलणं टाकलं. दोर आणि गोळा दिसेनासे झाले. आता ते वर्गात येत, खुर्चीत बसत आणि पुस्तक वाचून दाखवत. "ज्यामुळे वस्तूची स्थिती बदलते त्यास बल असे म्हणतात. लिहून घ्या." आम्ही लिहून घ्यायचो. खिडकीतून कडुनिंब दिसायचा, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून ठेवली होती.

ऊर्जेचा धडा पुन्हा वाचायची वेळ आली, तेव्हा मी हात वर केला. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "सर, गोळा तुम्हाला कधी लागला न्हाई. मंग दत्तालाच का लागला?"

सरांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता मार बसणार. पण ते उठले, खडू घेतला आणि फळ्यावर भिंत काढली, फांदी काढली, दोर काढला. हनुवटीपाशी गोळा. "इथं त्याच्यात स्थितिज ऊर्जा हाय. सोडला की ती गतिज होते. पलीकडं गेला की पुन्हा स्थितिज. परत येताना हवेच्या घर्षणात थोडी जाते, म्हणून तो अलीकडंच थांबतो. बराबर?" आम्ही माना हलवल्या. "दत्तानं ढकलला. म्हंजे त्याच्या हातातली ऊर्जा गोळ्यात गेली. आता गोळ्याजवळ जास्त झाली. ती नाहीशी होत न्हाई. तिला कुठंतरी जावंच लागतं." त्यांनी बाण काढला. बाणाचं टोक भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथं खडू मोडला. "ती तिथं गेली," ते म्हणाले. मग त्यांनी फळा पुसला, डस्टर जागेवर ठेवलं आणि तास संपायच्या आत बाहेर निघून गेले. त्यांनी शिकवलेला तो शेवटचा धडा. त्यानंतर नुसतं वाचन.

दत्ता घरी आला तेव्हापासून सर रोज शाळा सुटल्यावर त्याच्याकडं जायला लागले. आमचं घर समोरच, म्हणून मला सगळं दिसायचं. काकांनी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. सर ओट्यावर बसायचे. दत्ता दाराच्या आत, त्यांच्याकडं पाठ करून. सर गणित सांगायचे, इतिहास सांगायचे, विज्ञान सोडून सगळं सांगायचे. दत्ता हूं की चूं करत नसे. दाराआडून दत्ताची आई ऐकायची आणि पदर तोंडात धरायची. पुढं पुढं ती चहाचा कप उंबऱ्यावर आणून ठेवायला लागली, न बोलता. सर तो पिऊन कप हापशावर विसळून पुन्हा उंबऱ्यावर ठेवत. पावसाळा सरला, कापूस वेचणी आली, तरी हा क्रम चालू होता. घरची वाट लांबची होती, सायकलनं बदनापूर गाठायचं आणि मग गाडी. जालन्याला पोचेपर्यंत त्यांना अंधार होत असणार.

मग एका संध्याकाळी दत्ता वळला. पट्टी निघाली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं सरांना तोंड दाखवलं. "सर," तो म्हणाला, "तुम्ही येत नका जाऊ. तुम्ही आलात की माय रडती. तुम्ही गेल्यावर बी रडती. मग बाबा तिच्यावर खेकसतेत."

सरांनी पुस्तक मिटलं. ते पिशवीत टाकलं, उठले आणि दाराकडं बघून हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. वर्ष संपलं आणि त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली, लांब अंबड तालुक्यात. निरोपसमारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी सायकल घेऊन फाटकाबाहेर पडताना मी त्यांना पाहिलं. कॅरियर रिकामं होतं.

पुढं माझं लग्न जालन्यात झालं, मुलं झाली. नव्वदचं दशक संपत आलेलं. माहेराहून परतताना बदनापूरच्या फलाटावर मला सर दिसले. केस पांढरे, खांदे उतरलेले. कुठलंसं काम काढून ते आले होते, म्हणाले. मी पाया पडले. त्यांनी ओळखलं. माझी, माझ्या मुलांची चौकशी केली नाही. सरळ विचारलं, "दत्ताचं कसं हाय?"

"बरंय सर. शेती करतो. लग्न झालं, एक मुलगी हाय. काचेचा डोळा बसवलाय."

"मुलगी," ते म्हणाले. "शाळेत जाते का?"

"जाते की. तुम्ही या ना एकदा सर. भेटून जा."

ते रुळांकडं बघत राहिले. "माझ्या घरी दत्ताचं कुणाला म्हाईत न्हाई," ते हळूच म्हणाले. "तेव्हा सांगायची हिंमत झाली न्हाई, अन् नंतर इतका उशीर झाला की सांगण्यात अर्थ राह्यला न्हाई." मग गाडी आली. डब्यात गर्दी होती, आम्ही दोन टोकांना उभे राहिलो.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा मी दत्ताला हे सगळं सांगितलं. तो कपाशीवर फवारणी करत होता. पाठीवरचा पंप त्यानं खाली ठेवला. "येऊ दे की, शोभाताई. कोण नको म्हणून राह्यलं? त्या वक्ताला माय व्हती म्हणून म्हणालो. आता माय बी न्हाई." मी जालन्यात सरांचं घर शोधून हा निरोप पोचवला. सरांनी दोनदा विचारलं, "असं म्हणाला? असंच म्हणाला?" आणि "येतो, येतो" म्हणाले.

ते आले नाहीत. त्या हिवाळ्यात ते गेले. मी गावी कळवलं, आणि दहाव्यानंतर दत्ता एकटाच गाडीनं जालन्याला आला. मी त्याला घेऊन सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी सतरंजीवर बसल्या होत्या. "कोण तुम्ही?" त्यांनी विचारलं. "सरांचा विद्यार्थी," दत्ता म्हणाला आणि खाली बसला. त्यांनी पाणी दिलं. सरांबद्दल सांगायला लागल्या. शेवटच्या महिन्यांत त्यांना एक खूळ लागलं होतं. सकाळी धुतलेले कपडे घालायचे, बदनापूरला जाऊन येतो म्हणायचे आणि तासाभरानं स्टेशनावरूनच परत यायचे. का म्हणून विचारलं तर गाडी चुकली म्हणायचे. "रोज कशी चुकेल गाडी?" त्या म्हणाल्या. "काय काम होतं त्यांचं तिकडं, कुणाला ठाऊक."

दत्ता मान खाली घालून ऐकत होता. त्यानं वर पाहिलं तेव्हा उजेड त्याच्या तोंडावर पडला. त्या थोड्या पुढं वाकल्या.

"डोळ्याला काय झालं रे बाबा?"

दत्तानं हातातला पेला सतरंजीवर ठेवला.

"लहानपणी झाडावरून पडलो, आई," तो म्हणाला.