लॅटिन नाचाचा बस्ता

बाकीच्या बायका दुकानात कापड डोळ्यांनी बघत. आक्का ते ऐकत. पदराचं टोक चिमटीत धरून कानाशी न्यायच्या, दोन बोटांत चुरगाळायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. गादीवरचा दुकानदार तोवर गप्प. मग आक्का डोळे उघडून म्हणायच्या, "पावणं, हे रेशीम न्हवं. ह्यात मिसळलंय." दुकानदार शपथ घ्यायच्या तयारीत असायचा, पण आक्कांनी एकदा कान लावला की शपथेचा उपयोग नसे. त्यांना खरंच काही ऐकू यायचं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानदारालाही कळत नसावं, म्हणून तर तो घाबरायचा.

आक्का आमच्या नात्यातल्या नव्हत्या. कोल्हापुरात आमच्या गल्लीत समोरच्या घरात राहायच्या. माहेर पेठ वडगावचं, आणि नवरा तरुणपणीच गेलेला. गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की बस्ता बांधायला आक्का पाहिजेतच. खरं म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीला विधवेला पुढं करत नाहीत. पण आक्कांना न नेता घेतलेला शालू पहिल्या धुण्यात रंग सोडतो, असा दोन-तीन घरांचा अनुभव होता, त्यामुळं गल्लीनं शास्त्र जरा बाजूला सरकवून ठेवलं होतं. आक्कांना ते ठाऊक होतं. म्हणायच्या, "मला न्हेत्यात ते कापडासाठी, कुंकवासाठी न्हाई."

माझाही बस्ता आक्कांनीच बांधला होता. शिरोळचं घर, ऊस, दोन ट्रॅक्टर, सगळं यथास्थित होतं. ते लग्न दोन वर्षं टिकलं. कारणं मी सांगत बसत नाही. गल्लीनं तेव्हाच माझ्यापेक्षा जास्त सांगून ठेवली आहेत. मी बॅग घेऊन परत आले त्या संध्याकाळी आक्का आल्या, बॅगेतला शालू बाहेर काढून उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "कापड चांगलं हाय, वैजू. माणूस कच्च्या रंगाचा निघाला." एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. माझ्या घटस्फोटावर इतकं थोडक्यात कुणीच बोललेलं नाही, वकील तर नाहीच.

त्यानंतर मला बस्त्याला कुणी बोलवेनासं झालं. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. तशी पद्धत नसते. शेजारच्या शोभावहिनींच्या थोरल्या लेकीचा बस्ता होता, तेव्हा गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका गाडी करून गेल्या. त्या पोरीला दहावीचं गणित मी शिकवलं होतं. मी दारात उभी होते. गाडीतून वहिनींनी हात हलवला, आणि मीही येडपटासारखा हलवला. त्याचा मला राग आला होता आणि अजूनही येतो. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वेगळंच. आई गेल्यापासून ते रोज संध्याकाळी गल्लीच्या कट्ट्यावर बसायचे. मी परत आल्यावर ते घरातच टीव्हीसमोर बसू लागले, आवाज बारीक करून. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. रंकाळ्यावर चालायला गेलं की ओळखीचे भेटतात आणि चौकशा करतात, म्हणून मी चालण्याऐवजी नाचायला गेले. राजारामपुरीत एका दुकानाच्या माडीवर क्लास होता. तिथं चा-चा आणि रुंबा हे जोडीनं करायचे लॅटिन नाच शिकवत. वर्षभरानं सर म्हणाले, पुण्यात लॅटिन नाचाची स्पर्धा आहे, तुम्ही आणि समीर उतरा. समीर म्हणजे माझा जोडीदार, गारगोटीचा, दिवसा औषधांच्या दुकानात कामाला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि स्वभावानं इतका गरीब, की पायावर पाय मी द्यायची आणि सॉरी तो म्हणायचा. सरांनी मोबाइलवर पोशाखाचा फोटो पाठवला. गुडघ्याच्या वर संपणारा, पाठ उघडी, खाली झालर. तो बघून मी मोबाइल पालथा घालून ठेवला.

आक्कांना सांगितलं ते फक्त तोंड बंद ठेवणारा शिंपी पाहिजे होता म्हणून. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, लांब धरून बघितला, बोटांनी मोठा करायला लावून बघितला. मग म्हणाल्या, "बेंदराच्या सणाला बैलाच्या अंगावर बी यापेक्षा जास्त कापड असतंय."

मी म्हटलं, "आक्का, घ्यायचा न्हाईच. ड्रेपरीतनं भाड्यानं आणतो. नाटकाचे कपडे मिळत्यात तिथं."

"दुसऱ्याच्या घामात नाचणार व्हय?"

"मग काय करू?"

"बस्ता बांधायचा."

मी त्यांना समजावलं की हे लग्न नव्हे. त्या म्हणाल्या, "न्हवं तर न्हवं. चार लोकांम्होरं हुबं ऱ्हायचं म्हटल्यावर कापड मानानं घ्यावं लागतंय." आक्कांशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बस्ता म्हटल्यावर मंडळी हवीत. मी, आक्का, आक्कांची वडगावची एक भाची, जिला कुठं चाललोय ते शेवटपर्यंत समजलं नाही, आणि समीर. दुकानदारानं गादी झटकली, चहा सांगितला आणि विचारलं, "नवरी कोण?" आक्कांनी माझ्याकडं बोट केलं. "आणि हे नवरदेव का?" समीर घाईघाईनं उठून चपला घालायला लागला. आक्का म्हणाल्या, "लग्न न्हाई पावणं. नाच हाय." दुकानदारानं उघडलेला शालू पुन्हा मिटला. चहा मात्र आला.

आक्कांचा एक नियम होता: कापड उभ्यानं बघायचं नाही. नवरीला त्या दुकानातच वाकायला, बसायला, हात वर करायला लावायच्या, कारण लग्नाच्या दिवशी तिला तेच करायचं असतं. इथं मला आणि समीरला आरसा आणि गल्ला यांच्या मधल्या जागेत चा-चा करावा लागला. मी कमरेला एक-एक कापड गुंडाळायची आणि नाचायची. आक्का खाली बसून फक्त कापडाकडं बघायच्या. "हे फिरत न्हाई. काढ." "हे लई फिरतंय. काढ." एक कुटुंब खऱ्या बस्त्याला आलं होतं, ते सारं भिंतीला टेकून बसलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे दुकानाकडनं असतंय काय?"

रंगावर आमचं वाजलं. मला काळा हवा होता, फार तर राखाडी. परत आल्यापासून मी असलेच रंग घालत होते. आक्कांनी डाळिंबी काढला. मी म्हटलं, "एवढा उठून नको." त्यांनी माझ्याकडं बघितलं, नेहमी कापडाकडं बघायच्या तसं. "तू चोरी केलीस काय?"

मी नाही म्हटलं.

"मग डाळिंबी घे."

मला रडू आलं. मी आरशाकडं तोंड करून उभी राहिले, तर आरशात सगळं दुकान दिसत होतं.

झालरीसाठी आक्कांनी गोंडे आणले ते बैलांच्या झुली विकणाऱ्याकडनं. त्यांचं म्हणणं, हलायचंच काम असेल तर त्यासारखं हलणारं दुसरं काही नाही. ते खरं होतं. पण बैल गिरकी घेत नाही, हे आमच्या ध्यानात आलं नाही. पहिल्याच तालमीत मी वळले आणि गोंड्यांचा फटकारा समीरच्या मांडीवर बसला. तो सॉरी म्हणाला. आक्कांनी गोंडे काढून रेशमाची हलकी झालर लावून घेतली. शिंप्यानं पाठीचं विचारलं तर त्याला म्हणाल्या, "फोटूत हाय तशी ठेव. लोकं पाठीमागनंच बोलत्यात. बघून तरी बोलू देत."

ड्रेस तयार झाला. मी तो कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, गुपचूप पुण्याला न्यायच्या विचारात होते. आक्कांनी पिशवी काढून घेतली. बांधलेला बस्ता घरी आला की तो मांडायचा, हळदीकुंकू लावायचं आणि शेजारणींना दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. आक्कांनी आमच्या बाहेरच्या खोलीत कॉटवर चादर पसरली, तिच्यावर तो डाळिंबी ड्रेस मांडला, हळदीकुंकवाची बोटं टेकवली आणि दारात उभं राहून गल्लीला हाक मारली. आबा तिथंच खुर्चीत होते. त्यांनी टीव्ही बंद केला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते आणि जमीन दुभंगली तर बरं, अशा मनःस्थितीत होते.

बायका आल्या. ड्रेसकडं बघितलं, एकमेकींकडं बघितलं. शोभावहिनींनी विचारलं, "वैजूचं ठरलं काय परत?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "ती नाचाच्या स्पर्धेला चालली."

"हे घालून?"

"व्हय. हात लावून बघ. कापड बघ आधी."

वहिनींनी हात लावला. दुसरीनं लावला. मग साऱ्याच झालर हलवून बघायला लागल्या. आबा खुर्चीतून उठले. बायका बाजूला सरकल्या. त्यांनी कॉटजवळ येऊन ड्रेस बघितला, बराच वेळ, आणि आत माझ्याकडं बघून म्हणाले, "वरनं घालायला काय घेतलंयस का न्हाई? पुण्यात थंडी असती."

मी म्हटलं, "घेतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कट्ट्यावर गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण घरी येऊन त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुण्याला आक्का सोबत आल्या. समीरचा पातळ काळा शर्ट बघून त्यांनी विचारलं, "पावणं, ह्यो तुमच्या आईनं बघितलाय काय?" त्यावर तो जो बावरला, तो नाच संपेपर्यंत तसाच होता. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. येताना गाडीत आक्का म्हणाल्या, "कापड तुझंच चांगलं हुतं. नाचातलं मला कळत न्हाई." माझी समजूत काढायची त्यांची एवढीच ताकद होती, आणि मला ती पुरली.

पुढच्या वर्षी आक्का न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. त्या कॉटवर पडून असताना शोभावहिनी आल्या. धाकट्या लेकीचं ठरलं होतं. आक्का म्हणाल्या, "मी कुठं येतोय आता. वैजूला न्या."

वहिनी माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाल्या, "आमचं काय न्हाई हो आक्का. पण तिकडची पावणंमंडळी काय म्हणतील..."

"मी बिनकुंकवाची. मला इतकी वर्षं न्हेलासा, तवा पावण्यांची तोंडं शिवली हुती व्हय?"

वहिनी पदर सारखा करत उठल्या.

"न्हाई न्यायचं तर नका न्हेऊ. पण मग आणल्यावर मला दाखवायला बी येऊ नका."

वहिनी चहा न घेताच गेल्या. मी आक्कांवर भडकले. म्हटलं, मी काय भीक मागायला गेलतो काय? आक्का म्हणाल्या, "गप बस. भीक मी मागितली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी शोभावहिनी दारात. आत आल्या नाहीत. आबांना नमस्कार केला, तुळशीला पाणी कमी पडतंय म्हणाल्या, आणि जाता जाता सांगितलं, "साडेधाला निघायचं. तू पुढं बस गाडीत. मागं बसलं की तुला मळमळतंय."

संध्याकाळी शालू घेऊन मी आक्कांकडं गेले. त्यांनी तो पोटावर पसरून घेतला, काठावरनं हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी असतो तर ह्यो घेतला नसता."

मी शालू उचलायला हात पुढं केला.

"पोरीला आवडला?"

"लई आवडला."

"मग झालं की. माझं काय घेऊन बसलीस. घडी घाल."

त्याच श्रावणात आक्का गेल्या. गल्लीतल्या बस्त्यांना आता मी जाते. न सांगता मला धरलेलंच असतं. गादीवर बसलं, चहा आला, पहिला शालू उघडला की मला आक्का आठवतात आणि भर दुकानात डोळ्यांना धार लागते. दुकानदाराला वाटतं, किंमत ऐकून रडू आलं. तो लगेच कमी करतो.