पोटरीवरचा वळ

त्यानं मैदानाच्या मधोमध माझ्या कानाखाली वाजवली. अठरा पोरींसमोर. शिट्टी माझ्या तोंडात होती. ती दातांवर आपटली, ओठ फाटला. रक्त टी-शर्टवर.

तो शाळेचा ट्रस्टी. गंगापूर रोडची मोठी इंग्रजी शाळा. मी तिथली हॉकीची कोच.

"जंगलातून उचलून आणली, नोकरी दिली, तर माझ्याच पोरीला बाहेर काढतेस? लायकी विसरलीस का गं?"

शेजारी पी.टी.चे सर उभे होते. ते बुटाची नाडी बांधायला वाकले.

मी सुरगाण्याकडची. आदिवासी. आश्रमशाळेत वाकड्या फांदीनं खेळायला शिकले. पुढे अकरा वर्षं एका खात्याच्या संघाकडून पगारावर खेळले. फुलबॅक, गोलासमोरच्या बचावात. नाकाचं हाड मोडलं, डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. खेळ संपला तसा कोचिंगचा कोर्स केला आणि नाशिकला आले.

थपडेच्या आदल्या दिवशी सरावात ट्रस्टीच्या पोरीनं सुमनच्या तोंडावर स्टिक मारली. सुमन पेठ तालुक्यातली, माझ्यासारखीच आदिवासी, सरकारी योजनेतून शाळेच्या वसतिगृहात राहणारी. संघात सगळ्यात वेगवान. तिनं दोनदा बॉल काढून घेतला, एवढाच गुन्हा. स्टिक बसली तेव्हा बॉल दहा फूट लांब होता. समोरचे दोन दात मातीत पडले. मी ते रुमालात घेतले, तिला दवाखान्यात नेलं. ट्रस्टीच्या पोरीला संघातून काढलं.

म्हणून ती थप्पड.

खोटं कशाला बोलू? माझी मूठ स्टिकवर आवळली. एका फटक्यात त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली असती. नेमकी जागा मला ठाऊक होती. मी स्टिक उचललीसुद्धा. आणि माझी नजर पोरींकडे गेली.

सगळ्यांच्या माना खाली. खांदे आत ओढलेले. पाय एकमेकांना चिकटवलेले, पोटऱ्या लपवायला.

असं उभं राहायला त्यांना मीच शिकवलं होतं. पास चुकला, पोटरीवर स्टिक. उशीर झाला, स्टिक. मला माझ्या कोचनं असंच घडवलं, हे मी छाती फुगवून सांगायचे. सुजलेल्या तोंडानं कडेला बसलेल्या सुमनच्या पोटरीवर चार दिवसांपूर्वीचा वळ होता. माझा. ट्रस्टीच्या पोरीला मात्र मी कधी बोटही लावलं नव्हतं. कुणाची पोर मारायची, कुणाची नाही, हे मला न सांगता कळत होतं.



मी स्टिक आडवी त्याच्या छातीला लावली आणि त्याला मागे रेटत साइडलाइनपर्यंत नेलं. त्याचा पाय घसरला, तो ढुंगणावर आपटला.

"मैदानाबाहेर हो," मी म्हटलं. "परत हात उचललास तर चौघांना तुला उचलून न्यावं लागेल."



तशाच फाटक्या ओठानं मी सुमनला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाले, "मॅडम, एवढ्यावरून अ‍ॅट्रॉसिटी? मिटवून टाका ना."

"लिहा."

दुपार गेली. पेठहून सुमनचे वडील आले, तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. जबाब देताना सुमन सुजलेल्या तोंडानं माझ्याकडे वळली. "मॅडम, पोटरीचं पन सांगू का?"

हवालदारांचं पेन थांबलं.

"सांग," मी म्हटलं. "सगळं सांग."

तिनं सांगितलं.

त्याच जबाबावर बोट ठेवून शाळेनं मला काढलं. विद्यार्थिनींना मारहाण. खरंच होतं ते. आता मी एकलहऱ्याकडे मोकळ्या मैदानावर शिकवते. नऊ पोरी येतात. सुमनही येते, नवे दात लावून. पास चुकला की तो परत द्यायला लावते. हात शिवशिवतो अजून. तो मी पाठीमागे धरते.

मागच्या आठवड्यात ट्रस्टीचा माणूस आला होता. म्हणाला, "तुम्ही केस मागे घ्या, साहेब तुमचं प्रकरणही दाबून टाकतील."

मी त्याला सांगितलं, माझं दाबू नका. कोर्टात मी स्वतः कबूल करणार आहे. जी शिक्षा होईल ती भोगेन. आणि तुमच्या साहेबालाही भोगायला लावल्याशिवाय सोडणार नाही.