ओहोटी : नाही

नागपुरातून कुठल्याही दिशेनं निघा, गाडीत एक रात्र काढल्याशिवाय समुद्र काही दिसत नाही. आणि अशा आमच्या गावात शिडाच्या होड्यांचा क्लब होता. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसायची, पण पदर तोंडाला लावून, कारण आमचे हे त्या क्लबाचे सभासद होते.

तलावाचं नाव मी सांगत नाही. गावात तलाव मोजकेच, तुम्ही ओळखालच.

क्लब काढला तो एका साहेबांनी. सरकारी खात्यात मुंबईहून बदलून आलेले. नागपूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना समुद्राची अशी आठवण यायला लागली, की कुणी सासुरवाशीण माहेराची काढणार नाही. मग त्यांनी दहा-बारा हौशी माणसं गोळा केली, स्वतः सेक्रेटरी झाले, आणि तलावाच्या काठी टिनाची शेड उभी राहिली. तेव्हापासून सगळे त्यांना सेक्रेटरीसाहेबच म्हणायचे. घरी त्यांच्या मिसेससुद्धा.

होड्या तीन. लाकूड लकडगंजातून आलं, चांगलं सागवान. सुतारही तिथलाच. त्यानं जन्मभर दारं आणि कपाटं केलेली. होडी त्यानं चित्रात पाहून केली, आणि सवयीनं मागच्या पेटीला कडीकोयंडा बसवून दिला. एकीला तर कुलूपसुद्धा होतं. शिडं माझ्या शिलाई मशीनवर झाली. कापड मंडपवाल्याकडचं, म्हणून एका शिडावर निळे-पांढरे पट्टे होते. वारा भरला की वाटायचं, तलावात कुणाचं तरी लग्न लागून राहिलंय.

त्यात यांच्या टोप्या. साहेबांनी सांगितलं, सभासदानं पांढरे कपडे, पांढरे बूट आणि कप्तानी टोपी घातलीच पाहिजे. नागपुरात कप्तानी टोपी कुठली? सदर बाजारातल्या एका दुकानात बँडवाल्यांच्या टोप्या मिळायच्या, सोनेरी किनारीच्या. त्याच आणल्या. रविवारी सकाळी हे आणि यांचे दोन मित्र सायकलीवरून निघाले की पानठेल्यावरून हमखास आवाज यायचा, "कोणाची वरात आहे गा भाऊ आज?"

पण खरी गंमत होती ती पत्र्याची. साहेबांनी आपल्या मुंबईच्या जुन्या क्लबाचे सगळे नियम जसेच्या तसे एका पत्र्यावर रंगवून घेतले आणि शेडच्या भिंतीला ठोकले. त्यात धुक्यात भोंगा वाजवण्याचा नियम होता, कोळ्यांच्या जाळ्यांपासून दूर राहण्याचा होता, मोठ्या जहाजाला वाट देण्याचाही होता. आमच्या तलावात मोठं जहाज म्हणजे धोब्याची म्हैस. तिला सगळे वाट द्यायचे, ते खरं.

आणि सातवा नियम असा, की शर्यत असो की परीक्षेची फेरी, ती ओहोटी लागायच्या आत पूर्ण झाली पाहिजे. मुंबईला ते बरोबर असेल. ओहोटीत होडी चिखलात रुतते म्हणतात. इथं कसली ओहोटी? पण साहेबांनी शेडच्या दाराशी एक काळा फळा लावला होता, त्यावर दर रविवारी ते स्वतः खडूनं लिहायचे. वारा : अमुक दिशेचा. भरती : नाही. ओहोटी : नाही. खाली सही. दर रविवारी, वळणदार अक्षरात. आम्ही बायका मागं बसून डबे उघडता उघडता म्हणायचो, "पाह्य वं, आज भरती आली का?"

दसऱ्याला होड्यांची पूजा व्हायची. झेंडूचे हार, हळदकुंकू, आपट्याची पानं. त्या दिवशी आमच्या शेजारच्या बाई पण यायच्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. आई म्हातारी झाली होती, तिला सांभाळून होत्या. दसऱ्याला सकाळी आईला घेऊन त्या दीक्षाभूमीवर जायच्या आणि तिथून त्याच पांढऱ्या साडीत तलावावर यायच्या. कुंकू वाहायच्या वेळी बाजूला उभ्या राहायच्या, हार मात्र गाठ पक्की मारून बांधून द्यायच्या. साहेब त्यांच्याकडे बघून आमच्या यांना म्हणायचे, "बघा, सबंध क्लबात नियमाप्रमाणं पोशाखात एकट्या या आहेत!" कारण आमच्या यांच्या पांढऱ्या शर्टावर वर्षभर कढीचा एक डाग असायचा. तो माझाच दोष, असं ते आजही म्हणतात.

बाई इतर रविवारीही आमच्यासोबत येऊ लागल्या. पाहुण्या म्हणून. पाहुण्यांना होडीत बसायला मिळायचं, सुकाणू धरायला नाही. सभासदांच्या बायकांनाही नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, आमचं चित्त डब्यात. बाईंना वाटायचं. काठावर बसून त्या मंडपाच्या शिडाकडे बघत राहायच्या, आणि एका रविवारी उठून सरळ साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मले सभासद व्हायचं आहे."

साहेबांनी टोपी काढली, परत घातली. "बाई, आजवर कुणी स्त्री..."

"पत्र्यावर तसं कुठं लिहिलं आहे?"

साहेबांनी पत्रा वरपासून खालपर्यंत वाचला. नव्हतं लिहिलेलं. मुंबईवाल्यांच्या ते डोक्यातच आलं नसावं.

आमचे हे मध्ये पडले. "बाई, तुम्हाले कशाले पाह्यजे ही भानगड? ऊन लागते, हात सोलते."

"भाऊ, मी पोरायले व्यापारी वारे शिकवतो, भरती-ओहोटी शिकवतो, खलाशांच्या वाटा नकाशावर काढून देतो. अन् सुकाणू कसं असते म्हणून एखाद्या पोरीनं विचारलं तर फळ्यावर चित्र काढतो. मले ते एकदा हातात धरू द्या, अन् हक्कानं धरू द्या. कोणाची पाहुणी म्हणून नाही."

मग ठरलं. नवीन सभासदाला परीक्षेची फेरी करावी लागे. पलीकडच्या काठाजवळ डांबराचं रिकामं पिंप नांगरून ठेवलं होतं, त्याला वळसा घालून शिडावर परत यायचं. वल्हं पाण्यात घातलं की नापास. यांनी आपली फेरी केली तेव्हा शेवटी शेवटी वल्हं मारलं होतं, आणि त्या वेळी सगळा क्लब आकाशातले पक्षी बघत होता, हे मला ठाऊक आहे. पण बाईंच्या वेळी सगळ्यांना एकदम नियम आठवले. एकानं तर अटच घातली, की जमलं नाही तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाई म्हणाल्या, "नाही काढणार." बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. एवढीच एक संधी होती त्यांना.

होडीत दोन माणसं लागतात. दुसरी मी. शीड मीच शिवलेलं, त्याचा दोर तरी मला धरता येईल, असं बाईंचं म्हणणं. मी हो म्हटलं आणि रात्रभर पाण्यात बुडाल्याची स्वप्नं पाहिली.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी बरा वारा होता. आम्ही होडीत बसलो तर साहेब म्हणाले, "थांबा. वजन कमी भरतं. होडी कलंडेल." पत्र्यावर वजनाचाही नियम होता. वाळूची पोती दुसऱ्या होडीत घातलेली, ती कोण काढणार? साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. काठावर जड अशी एकच वस्तू होती, सगळ्या क्लबाचं दुपारचं जेवण. वडा-भाताचं पातेलं, कढीची बरणी, वांग्याचं भरीत, सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचे, दोन डबे.

"हे ठेवा होडीत," साहेबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. "तासाभरात येतीलच परत."

जाताना छान गेलो. बाईंनी सुकाणू धरलं होतं ते वर्गात खडू धरतात तसं, ताठ. मी दोर ओढायची, सोडायची. पिंपाला वळसा घालताना शीड माझ्या डोक्यावरून असं गेलं, की मी "माय वं!" म्हणून खाली वाकले ती भाताच्या पातेल्याला मिठी मारूनच. पण वळलो. काठावरून टाळ्या ऐकू आल्या.

आणि परतीच्या अर्ध्या वाटेवर वारा मेला.

नागपूरचा वारा तो. दुपारी जेवायला गेला म्हणजे आपल्या सवडीनं येतो. शीड वाळत टाकलेल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. आम्ही तलावाच्या मधोमध, आणि हळूहळू सरकत होतो ते बाजूच्या काठाशी पाण्यात माजलेल्या बेशरमाच्या झुडपांकडे. त्या झुडपात होडी अडकली की ओढूनच काढावी लागे.

वल्हं माझ्या पायाशीच पडलं होतं. माझा हात गेला.

"त्याले हात नको लावू, वहिनी."

"बाई, फक्त एकदा मारते. कोणाला दिसणार?"

"मले दिसन."

मी हात मागं घेतला.

काठावर मंडळी उभी, टोप्यांची किनार उन्हात चमकत होती. पाणी शांत असलं की आवाज कसा टेबलापलीकडून आल्यासारखा येतो. पहिला आवाज आमच्या यांचा. "अजी, डबे तर आणा इकडं!"

"वारा आणा, डबे येतात!" मी ओरडले.

दुपार चढली. मला भूक लागली. मी सांबारवडीच्या डब्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "वजनासाठी ठेवलं आहे ते."

"डब्यातून पोटात गेलं तर वजन कमी होते का बाई? होडीतच राहते ना?"

बाईंनी विचार केला. भूगोलाबाहेरचा प्रश्न होता, पण माझं बरोबर होतं. मी वडी काढली. काठावर कुणीतरी दीर्घ सुस्कारा सोडला. मी बाईंच्या हातात एक दिली. त्यांनी ती घेतली आणि तशीच धरून बसल्या. दुसरा हात सुकाणूवर, नजर झुडपांवर. तेव्हा मला कळलं, ह्या बाईला भूक नाही, तहान नाही, नुसती भीती आहे. मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

शेवटी साहेबांनी पत्र्याचा भोंगा तोंडाला लावला. "बाई! वेळ संपली! वल्ही मारा आणि या!"

बाई सुकाणू न सोडता उभ्या राहिल्या. वर्गातला आवाज. "कोणती वेळ, साहेब?"

"फेरीची मुदत!"

"सातवा नियम वाचा ना साहेब!"

साहेबांनी वळून पत्रा वाचला. मोठ्यानं वाचायची गरज नव्हती, पण वाचला. "फेरी ओहोटी लागण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे."

"अन् आजच्या फळ्यावर काय लिहिलं आहे?"

 काठावर कुणीतरी फिसकन हसलं, ते बहुतेक साहेबांच्या मिसेस. साहेब फळ्यापुढे उभे राहिले, आपल्याच अक्षराकडे बघत. "ओहोटी : नाही," ते म्हणाले.

"मग मुदत संपली कुठं?"

आता आमच्या यांचं डोकं चाललं. भुकेल्या माणसाचं फार चालतं. "साहेब, फळा पुसा अन् लिहून टाका, दुपारी एक वाजता ओहोटी! कोण पाह्यते?"

साहेबांनी यांच्याकडे असं पाहिलं, म्हणे, की हे दोन पावलं मागं सरकले. ते मला घरी आल्यावर कळलं. शब्द मात्र मी स्वतः ऐकले, पाण्यावरून आले. "समुद्राचं खोटं लिहायचं नसतं हो," साहेब म्हणाले. "फेरी चालू आहे."

"मग दुसरी होडी पाठवून डबे तरी आणू!"

"फेरी चालू असताना दुसरी होडी जवळ न्यायची नाही. अकरावा नियम." आणि साहेब, ज्यांनी सकाळपासून फक्त एक कप चहा घेतला होता, ते फळ्याखाली दगडावर बसले. टोपी मांडीवर. बाकीच्यांनाही बसावंच लागलं. सगळा क्लब ओळीनं बसला, पंगतीला बसावं तसा, फक्त वाढणारं कुणी नव्हतं.

आम्ही झुडपांच्या अगदी जवळ आलो. एक फांदी होडीला घासली, मी ती हातानं दूर ढकलली. हातानं ढकलू नये असा नियम नव्हता, मी नंतर पत्र्यावर पाहून घेतलं. मग ऊन कलायला लागलं. म्हशी पाण्यातून निघून घरी गेल्या. आणि माझ्या मानेवर गार वाटलं. शिडाचा कोपरा हलला, एक निळा पट्टा फुगला, मग दुसरा.

"दोर धर वं!" बाई ओरडल्या. तेवढ्यात त्यांच्या हातातली वडी पाण्यात पडली.

आम्ही काठाला लागलो तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे धावले ते पातेल्याकडे. एकटे साहेब बाईंकडे आले. टोपी घातली, सरळ उभे राहिले, आणि म्हणाले, "या, सभासद." एवढंच. बाईंनी मान हलवली.  सुकाणूवरचा हात उघडला तर बोटं लवकर सरळ होईनात, मी चोळून दिली.

थंडगार कढी आणि गार भात असा चवीनं खाल्लेला मी पुन्हा पाहिला नाही. आमच्या यांनी शर्टावर दुसरा डाग पाडून घेतला.

पुढं साहेब निवृत्त होऊन आपल्या समुद्राकडे गेले. जाताना त्यांनी फळ्याचा खडू बाईंच्या हातात दिला. आता दर रविवारी बाई लिहू लागल्या, वारा, भरती, ओहोटी, खाली सही. बुटीबोरीकडच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनियर नवा सभासद झाला, हुशार होता. एकदा म्हणाला, "बाई, हे दर रविवारी काहून लिहिता? इथं समुद्र नाही, काही नाही. दोन ओळी पुसून टाकू, जागा होईल."

मी डबे उघडत होते. बाईंनी खडूची बोटं साडीला पुसली.

"त्या शेवटच्या ओळीवरून मी आत आली, बाप्पा," त्या म्हणाल्या. "ते पुसशील तर मले बाहेर जावं लागन."

आणि त्यांनी ती ओळ वरून पुन्हा एकदा गिरवली.