नादारीचा सल्लागार

ते प्रकरण आजही डोळ्यांपुढून हलत नाही, आणि आठवलं की डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण बुडणाऱ्याच्या हातातली काठीसुद्धा काढून घेणारा इसम मी याच प्रकरणात पाहिला. नावं कुणाचीच सांगणार नाही.

सांगली जिल्ह्यात, साताऱ्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बसतो तोच एक बाई सरळ टेबलापुढं आली. मागं नवरा, मान खाली.

"सायेब, ह्येंनी आपल्या हातानं घर दुसऱ्याच्या नावावर केलंय. आता त्यो इकायला गिऱ्हाईक घिऊन आलाय. आमी जायाचं कुठं?"

नवरा गलाईवाला, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणारा कारागीर. आमच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. हा दक्षिणेतल्या एका शहरात होता. भागीदार सराफांचं सोनं घेऊन पळाला आणि भरपाई याच्या गळ्यात आली. होतं नव्हतं ते विकून हा गावी परतला, तर सराफांची माणसं इथंही दारात येऊन बसू लागली. याला कुणाला बुडवायचं नव्हतं, पण फेडणं आवाक्याबाहेर गेलं होतं. अशा माणसासाठी कायद्यात वाट आहे. जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करता येतो.

नेमका त्याला एक 'कायदेशीर सल्लागार' भेटला. तोही गलाईच्याच धंद्यातल्या एका घरातला. परमुलखात या लोकांची रीत अशी की अडचण आली तर आपल्या मुलखातला माणूस गाठायचा, आणि त्याच्याकडं कागद मागायचा नाही. परमुलखात ही रीत तारते. इथं तिनंच घात केला.

"काय सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"म्हणला, नादारीचा हुकूम आणून देतो, समदं माफ हुतंय. तवर घर माज्या मेव्हण्याला बक्षीसपत्रानं दे, न्हाईतर लिलाव हुईल. हत्यारं बी माज्या खोलीवर ठेव, जप्त करत्यात."

भाता, मुशी, तराजू, सगळं त्यानं नेऊन दिलं होतं.

"सही करताना वाचलंस?"

"न्हाई सायेब. आपल्यातलाच माणूस व्हता."

मला राग आवरेना. "अरे, सोनं कसोटीवर घासल्याशिवाय हातात घेतोस का कधी? मग घराचा कागद तसाच दिलास?"

तो रडायला लागला. बाई म्हणाली, "आवं, रडून काय हुतंय? त्यो हुकूम दाखवा की सायबास्नी."

हुकूम झकास होता. गोल शिक्का, ठळक प्रकरण क्रमांक. मी हवालदाराला जिल्हा न्यायालयात पिटाळलं. दुपारी त्याचा फोन आला, "सर, हा नंबर विहिरीच्या वाटणीच्या अपिलाचा आहे. या इसमाचा अर्ज कधी आलेलाच नाही."

सल्लागाराला आणलं. कडक इस्त्री, चेहऱ्यावर घाम नाही. म्हणाला, "साहेब, हा दिवाणी मामला. दस्त त्यानं राजीखुशीनं केलाय. मी वकील आहे असं कुठं म्हटलंय?"

हात उगारावा असं फार वाटलं. पण खोटारड्याला मारलं की तो गप्प बसतो, बोलू दिलं की अडकतो. मी चहा मागवला. तो खुलला. वडूजच्या दुकानदाराला हुकूम मिळवून दिला, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला दिला, अशी फुशारकी मारू लागला. पंचांसमक्ष त्याच्या खोलीची झडती घेतली. कोपऱ्यात गलाईवाल्याची हत्यारं होती, कपाटात आणखी चार हुकमांच्या प्रती सापडल्या. नावं वेगळी, क्रमांक पाचही कागदांवर तोच! शहाण्यानं नवा आकडा शोधायचेही कष्ट घेतले नव्हते. कागद पुढ्यात मांडले तेव्हा त्यानं पाणी मागितलं, आणि मग खरं काय ते सांगून टाकलं.

नवराबायकोला मी जिल्हा न्यायालयातल्या मोफत विधी सेवेच्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या वकीलबाईंनी तासभर नुसतं ऐकलं. मग सांगितलं, "वाटा दोन आहेत. नादार जाहीर झालात तर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाईल. नाहीतर सराफांपुढं फेडीची योजना ठेवा आणि तिला न्यायालयाची मान्यता घ्या, पण मग शब्द पाळावा लागेल. आणि घर दुसऱ्याच्या नावे केलंत हे आधी खरं सांगून टाका. लपवलंत तर आरोपी तुम्हीच व्हाल. हत्यारांची कसली भीती? कारागिराची हत्यारं जप्त होतच नाहीत."

दोघांनी परत येऊन हे सांगितलं तेव्हा माझं रक्त उसळलं. त्या हरामखोरानं घर तर घेतलंच, वर कायदासुद्धा ज्याला हात लावत नाही तो भाता नेला होता!

गलाईवाल्यानं दुसरी वाट धरली. घराच्या विक्रीला मनाई मिळाली. न्यायालयाच्या आदेशानं मुद्देमालातली हत्यारं परत द्यायला दोघांना ठाण्यात बोलावलं. गलाईवाला भाता पोराला घ्यावं तसा छातीशी धरून उभा होता. मी जरा ऐटीतच त्याच्या बायकोला म्हणालो, "तुम्ही वेळेवर ठाण्यात आला असतात तर एवढं झालंच नसतं."

"आल्ती की, सायेब," ती म्हणाली. "सराफांची माणसं दारात बसत्यात म्हणून सांगाया. तुमीच म्हणाला, दिवाणी मामला हाय, कोर्टात जा. कुठल्या दारानं जायाचं ते न्हाई सांगितलं. फाटकाभाईर त्यो सल्लागार हुबा व्हता. त्येनं सांगितलं."

मी स्टेशन डायरी काढून पाहिली. तिच्या त्या फेरीची नोंदसुद्धा नव्हती. 'दिवाणी मामला' हा शब्द आरोपीच्या तोंडून ऐकला तेव्हा मी संतापलो होतो. त्याआधी तो माझ्याच तोंडून निघाला होता, आणि त्यावर त्याचा धंदा चालत होता. त्याच्यावर खटला चालला. मला कुणी काही विचारलं नाही, याची चीड आजही येते.

निवृत्त होईपर्यंत मी पुन्हा कुणाला नुसतं 'कोर्टात जा' म्हटलं नाही. सोबत शिपाई दिला आणि त्याला बजावलं, कार्यालयाच्या दारात पोचवल्याशिवाय माघारी यायचं नाही.