कानमास्तर आणि मेव्हण्याची व्हॅन

चालू इंजिनाजवळ नुसता कान नेला की कुठल्या सिलिंडरचं काय दुखतंय हे तो सांगायचा. म्हणून सगळे त्याला कानमास्तर म्हणत. त्याचा हातखंडा होता तो इंजिनाच्या हेडच्या, म्हणजे वरच्या जाड झाकणाच्या, कामात.

एकदा त्याचा मेव्हणा आपली जुनी पेट्रोल व्हॅन घेऊन आला. तिच्यातून तो चढाच्या रस्त्यावर प्रवासी ने-आण करायचा.

"भावोजी, चढावर अगदी जीव सोडते हो. काहीतरी करा."

"हेड घासून देतो. हरणासारखी पळेल," मास्तर म्हणाला.

हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरवर एक खळगा असतो. पेट्रोल आणि हवा तिथे दाबली जाऊन ठिणगीनं पेटते. हेड घासलं की खळगा लहान होतो, दाब वाढतो आणि गाडीला जोर येतो. पण हे प्रमाणाबाहेर झालं, तर जाळ पोचण्याआधीच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर आतून घाव बसू लागतात. यालाच नॉकिंग म्हणतात. किती घासायचं, हे मास्तर कानानंच ठरवायचा. या खेपेला त्यानं बरंच घासलं. बायकोला मागं बसवून चढावर चक्कर मारली. आवाज नाही, काही नाही. गाडी खुशाल चढली.

त्याच आठवड्यात भर चढावर व्हॅनचा पिस्टन फुटला. इंजिन बंद पडल्यानं ब्रेकही नीट लागेनात. गाडी मागं घसरू लागली, तेव्हा मेव्हण्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली. प्रवासी खरचटण्यावर सुटले. मेव्हण्याचा पाय मात्र मांडीत मोडला.

मास्तरनं वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं. पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. असं फक्त नॉकिंगनं होतं.

"पण आवाज कुठं होता?" तो स्वतःशीच पुटपुटला.

दारात उभी असलेली बायको हळूच म्हणाली, "होता. डब्यात खडे खुळखुळावेत तसा. मला वाटलं, मागं काहीतरी सुटं पडलंय. कानमास्तर स्वतः गाडी चालवत असताना मी काय बोलणार?"

मास्तरच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "उंच पट्टीचे बारीक आवाज तुम्हाला येत नाहीत. गेलेलं ऐकणं परत येणार नाही."

मग मास्तरला कामानं झपाटलं. त्यानं दुसरं हेड आणलं. खळग्यांच्या धारदार कडा घासून गुळगुळीत केल्या, कारण त्या तापून लाल झाल्या की ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतात. सिरिंजनं तेल सोडून चारही खळगे मोजून सारखे केले. हेडखालच्या सांध्यात गास्केटचा जाड पत्रा घालून दाब उतरवला. जेवायला हाक मारली तर वसकन अंगावर यायचा. नवे पिस्टन बसवून तो बायकोला पुन्हा चढावर घेऊन गेला.

"येतोय का आवाज?"

"नाही."

"माझी शपथ घेऊन सांग."

"नाही हो, खरंच नाही!" ती रडकुंडीला आली. तरी त्यानं तोच चढ पुन्हा पुन्हा घेतला. दर वेळी तोच प्रश्न, आणि तिच्या उत्तरावर विश्वास कसा तो बसेना.

व्हॅन मेव्हण्याच्या दारात नेऊन लावली, तेव्हा त्यानं पलंगावरून मान वळवून पाहिलंही नाही.

"भावोजी, रागावू नका. गाडी ठीक असेल. पण तुम्ही हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही."

ती व्हॅन विकली गेली.

पुढं एकदा एक जुनं गिऱ्हाईक आलं. "मास्तर, जरा ऐका बरं, ही नॉक करते का?"

गाडी धडधडत उभी होती. मास्तरनं डोकं वाकवलं, डोळे मिटले.

"दुसरीकडे दाखव," तो अखेर म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

गिऱ्हाईक थट्टा समजून हसलं. मास्तर तिथंच एका टायरवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. बायकोनं पुढं होऊन त्या माणसाला हात जोडले, आणि तो गेल्यावर शटर खाली ओढलं.